आबांच्या धोतराची बाळोती

रत्नागिरीच्या वरच्या आळीत चिंतामणीला सगळे चिंतोपंत म्हणत, पण तेवढं वजन त्याच्यात होतं असं नाही. मालगुंडच्या बाजूला वडिलांनी लावलेली हापूसची कलमं होती, ती दरसाल बिनबोभाट फळत होती, आणि त्यामुळे चिंतामणीला देशकार्याला भरपूर वेळ मिळे. आंब्याचे दिवस सोडले तर सकाळी टकळी, दुपारी झोप आणि संध्याकाळी स्वदेशी, असा तो राबत असे. अंगावर खादीचा सदरा, खादीचं धोतर, डोक्यावर खादीची टोपी. रुमालसुद्धा खादीचा. त्यानं पुसून पुसून नाकाचा शेंडा बारा महिने लाल दिसायचा.

अशा माणसाच्या घरात बाळोत्यांचा प्रश्न उभा राहिला.

त्याच्या बायकोचे, मालिनीचे, मार्गशीर्षात दिवस भरत होते. दिवाळी होऊन गेली तरी घरात बाळाचा म्हणून एक धागा नव्हता. पहिल्या खेपेला राजापूरला माहेरी तिनं टोपडी, झबली, दुपटी सगळं हौसेनं शिवून ठेवलं होतं. मुलगा झाला, एक रात्र जगला आणि गेला. या खेपेला तिनं सुईला हात लावला नाही. कोणी विषय काढला की ती कळशी उचलून विहिरीवर जाई. घरात पाणी मात्र मुबलक झालं होतं.

शेवटी चिंतामणीच्या आईनं, आनंदीबाईंनी, कंबर कसली. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लावायचं, ही तिथली रीत. त्यांनी जुनेरांची ट्रंक उघडली, आणि आत नुसत्या डांबराच्या गोळ्या निघाल्या.

"चिंतू," त्या म्हणाल्या, "तुझ्या वडलांची ती मलमलीची धोतरं कुठं रे गेली?"

चिंतामणीनं नाकाला रुमाल लावला.

ती धोतरं दोन वर्षांपूर्वी मांडवीच्या वाळूत गेली होती. विलायती कपड्यांची होळी झाली तेव्हा चिंतामणीनं आपल्या हातांनी सगळी ट्रंक तिच्यात रिकामी केली होती. आईच्या दोन बारीक साड्या, वडलांची धोतरं, मालिनीच्या रुखवतातली चादर, सगळं स्वाहा. ऐन वेळी खाऱ्या वाऱ्यानं दिशा बदलली आणि चिंतामणीच्या भुवया गेल्या. त्यानंतर महिनाभर तो सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता.

"खादीची बाळोती करू," तो आता म्हणाला. "राजाभाऊंनी नाही का केली?"

राजाभाऊ म्हणजे त्यांच्या स्वदेशी मंडळीतले सर्वांत कडक गृहस्थ. त्यांचा मुलगा नुकताच रांगू लागला होता, आणि तो जन्मापासून खादीत वाढला हे ते भेटेल त्याला सांगत.

आनंदीबाईंनी मुलाचं खादीचं उपरणं घेतलं, डोळा मिटला आणि उपरण्याची कड पापणीवरून ओढली. बाळाचं कापड पारखायची त्यांची ती पद्धत होती. डोळा उघडला तेव्हा त्याला पाणी आलं होतं. "काथ्या आहे हा काथ्या," त्या म्हणाल्या. "याची दोरी वळ आणि होडी बांध."

चिंतामणी हट्टाला पेटला. त्यानं दोन हात खादी राखेच्या पाण्यात उकळली, रिठ्यात भिजवली, विहिरीच्या दगडावर सकाळ-संध्याकाळ आपटली. खांदे भरून आले. रोज संध्याकाळी आई पापणीवरून ओढून बघे आणि मान हलवी. चौथ्या-पाचव्या दिवशी खादीला मधोमध भोक पडलं, पण भोकाच्या कडाही बोचतच होत्या. मग तो राजाभाऊंना विचारायला गेला, की तुम्ही मऊ कशी केलीत? राजाभाऊंनी क्षणभर आढ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "निश्चय लागतो, चिंतोपंत."

तो तोंड पाडून परत आला तेव्हा मालिनी पडवीत तांदूळ निवडत होती. सुपावरची नजर न काढता तिनं या विषयावर पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आणायचंच असेल तर आत्माराम आबांचं जुनेर आणा. सासूबाई म्हणतात तसं, स्वतः मागून. नाहीतर मला काही नको. काहीच नको."

हात मात्र तांदळात नुसताच फिरत होता.

आनंदीबाई काय म्हणत होत्या, तर ज्या घरात पहिलं मूल लाभलं नाही, त्या घरानं दुसऱ्या मुलाला एखाद्या दीर्घायुषी माणसाचं अंगावरचं जुनेर घालावं. विकत घेतलेलं चालत नाही, आपण होऊन कोणी दिलेलंही चालत नाही. बापानं स्वतः दिवसाउजेडी पुढच्या दारात उभं राहून मागावं लागतं. आणि आळीत दीर्घायुषी म्हणजे आत्माराम आबाच. ऐंशी ओलांडलेली, दात शाबूत, मुलं-नातवंडं सगळी हयात, आणि आवाज असा की खालच्या आळीतली कुत्री उठून बसत.

हे सगळं खरं. पण चिंतामणीला आबांच्या दारात जाणं जड वाटत होतं त्याचं कारण वेगळं होतं. मांडवीच्या त्या होळीच्या दिवशी मंडळी दारोदार कपडे मागत फिरली, तेव्हा आबांनी एक चिंधीसुद्धा दिली नव्हती. "माझं धोतर माझ्या चितेवरच सुटेल," असं सांगून काठी घेऊन ते ओटीवर बसले होते. तेव्हा चिंतामणीनं त्यांच्याच ओटीच्या पायरीवर चढून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं भाषण ठोकलं होतं. "बंधूंनो, विलायती धोतर नेसणारा हा माणूस जिवंत नाही! हा मेलेला आहे! याच्या नावानं आज अंघोळ करा!" टाळ्या पडल्या होत्या. काही उत्साही पोरांनी खरोखर विहिरीवर जाऊन अंघोळही केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामणी आबांच्या पायरीशी उभा राहिला. आबा ओटीवर झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. नेसूचं तेच, विलायती, किनारीचा रंग उडालेलं, पाण्यासारखं पातळ झालेलं धोतर.

"यंदा मोहोर बरा दिसतोय," चिंतामणी म्हणाला.

"मार्गशीर्ष अजून लागायचाय. मोहोर तुझ्या डोक्यात आलाय काय?"

"नाही, म्हणजे, येईल असं दिसतंय."

आबांनी सुपारी तोंडात टाकली. "बायकोनं पाठवलंन ना तुला?"

चिंतामणीनं उपरणं पसरलं. आईनं सांगितलेलं वाक्य त्यानं रस्ताभर घोकलं होतं, पण आता ते अर्ध्यातच अडकलं. "आबा, आमच्या... आमच्या बाळाला तुमचं जुनेर द्या."

"देईन की," आबा म्हणाले. "पण शास्त्राचा घोळ आहे रे. मेलेल्या माणसाचं वस्त्र बाळाला घालतात काय? मी तर मेलोय. तूच सांगितलंस आळीला. अंघोळी झाल्या माझ्या नावानं. आता तुझ्या पोराला मढ्यावरचं धोतर देऊ? माझ्यानं नाही होणार असलं पाप."

"आबा, ते बोलण्याच्या ओघात..."

"ओघात म्हण, नाहीतर पऱ्ह्याच्या पाण्यात म्हण. मेलो तो मेलो." त्यांनी झोपाळ्याला एक झोका दिला. "आता ज्यानं मारलंन त्यानंच उठवायला हवं. त्याच पायरीवर चढायचं, त्याच आवाजात सांगायचं. तोंडातल्या तोंडात पुटपुटलास तर मी तसाच मेलेला."

चिंतामणीनं आळीकडे बघितलं. समोरच्या घरात कोणी रांगोळी घालत होतं. पलीकडे राजाभाऊ ओटीवर चरखा घेऊन बसले होते, आणि त्यांच्यासमोर हे करण्यापेक्षा मांडवीवरून समुद्रात चालत जाणं सोपं होतं. मग त्याला मालिनीचा तांदळात फिरणारा हात आठवला. हा गृहस्थ आयुष्यात फारसं काही धैर्याचं करून गेला नाही, पण त्या सकाळी तो पायरी चढला, हे मान्य करायला हवं.

"बंधूंनो!" तो ओरडला. "आत्माराम आबा जिवंत आहेत!"

समोरची रांगोळीची चिमूट तशीच थांबली.

"मोठ्यानं," आबा म्हणाले.

"आबा जिवंत आहेत हो! मेलेले नाहीत! जिवंत आहेत!"

आता सकाळच्या प्रहरी ऐंशी वर्षांचा माणूस जिवंत असल्याची दवंडी कोणी पिटत नाही. मधे काहीतरी घडल्याशिवाय हे का सांगतील, असं आळीला वाटलं. बायका पदर तोंडाला लावून धावत आल्या. कोणीतरी गंगाजळाची लोटी आणली. विठू गुरव देवळातून धापा टाकत आला आणि "केव्हा गेले आणि केव्हा परत आले?" असं विचारू लागला. राजाभाऊ चरखा टाकून उघड्या डोक्यानं, चेहरा गंभीर करून, खांदा द्यायच्या तयारीनंच हजर झाले. आबांची धाकटी सून आतून आली ती गर्दी बघून गळाच काढायला लागली, तेव्हा आबांनीच तिला दटावलं, "गप गो! मी बसलोय इथं सुपारी खात."

खरा प्रकार कळल्यावर हशा पिकला. चिंतामणी पायरीवर मान खाली घालून उभा होता. राजाभाऊंनी ओठ मुडपले. "चिंतोपंत, तुम्ही? विलायती धोतर? मुलासाठी झालं तरी तत्त्व म्हणून काही असतं."

आबांनी झोपाळा थांबवला. "राजाभाऊ," ते म्हणाले, "तुझं पोर ज्या बाळोत्यात वाढलं, ते कोणाच्या धोतराचं रे?"

राजाभाऊंना एकदम खोकला आला.

"चोरासारखा मागीलदारानं आला होतास. तू आलास, तो पेठेतला तुमच्या मंडळीचा सेक्रेटरी आला, त्याचा मेव्हणा आला. दिवसा आरडाओरडा करायचा, आणि बायको गरोदर राहिली की आबा आठवतात. शिंचे! सगळी धोतरं तुम्ही नेलीत, मला बदलायला एक ठेवलं नाहीत. हे अंगावरचं शेवटचं. रोज वाळेपर्यंत पंचा गुंडाळून घरात बसतो मी."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकेकाला घरी काम असल्याचं आठवत गेलं. राजाभाऊ सर्वांत आधी गेले. आबा चिंतामणीकडे वळले. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"हा एक मेला तरी पुढच्या दारानं आला. चल आत. हे मी सोडतो, पण मग मी नेसू काय? तुझं सोड."

माजघरात दोघांची अदलाबदल झाली. चिंतामणी आबांचा पंचा गुंडाळून, हातात ते मऊ धोतर घेऊन बाहेर पडला. आबा त्याचं खादीचं धोतर नेसून झोपाळ्यावर परत बसले आणि लगेच उठले. सबंध मंडळीला दोन वर्षांत जमलं नव्हतं ते झालं होतं, आबा खादीत आले होते. पण ते बघायला मंडळीपैकी कोणी उरलं नव्हतं, आणि आबा जे बोलत होते ते ऐकण्यासारखं नव्हतं.

आळीतून पंच्यावर घरी जाताना त्याला लोक हसले. चिंतामणीला त्याचं काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचंच त्याला नवल वाटलं.

आनंदीबाईंनी धोतर पापणीवरून ओढलं, आणि पुन्हा एकदा, नुसतंच सुख म्हणून ओढलं. मग त्यांनी ते मालिनीपुढे ठेवलं. मालिनीनं धोतराची घडी उलगडली.

"खरंच पुढच्या दारात मागितलंत?" तिनं विचारलं.

"सगळ्या आळीला विचार," चिंतामणी म्हणाला.

मालिनी उठून आत गेली. ती कळशी घ्यायला गेली असं त्याला वाटलं, पण ती कातर घेऊन आली. काठाला तिनं नीट चीर दिली आणि दोन्ही हातांनी धोतर टर्रकन फाडलं. सबंध दुपार ती बाळोती दुमडत होती.

मार्गशीर्ष अर्धा झाला तेव्हा एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या, आणि ऊन अंगणात यायच्या सुमाराला मुलगी झाली. चिंतामणीला खोलीत जायची मुभा नव्हती. तो दाराबाहेर माजघरात बसून होता. सुईण मथुरा निघून गेली. आत सगळं शांत झालं. मुलगी एकदा रडली आणि थांबली. तो दिवस गेला, रात्र गेली. चिंतामणी भिंतीला टेकून दाराकडे बघत होता. उजाडलं तरी आतून मालिनीचं बोलणं नाही, आईचं नाही. पहिल्या मुलाची सकाळ अशीच शांत उजाडली होती, हे त्याला माहीत होतं, आणि आत जाऊन विचारायची त्याची छाती होत नव्हती.

आणि मग मालिनीचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता इतका मोठा. "सासूबाई! पुन्हा भिजवलंन! अहो, बघा तरी, केवढं भिजवलंन!"

मग दोघी आत हसत होत्या की रडत होत्या ते त्याला कळेना. दार किलकिलं झालं आणि आनंदीबाईंनी हात बाहेर काढून एक बाळोतं त्याच्या ओंजळीत टाकलं. ते ओलंचिंब होतं आणि अजून ऊन होतं. ते तसंच दोन्ही हातांत धरून चिंतामणी माजघरात उभा राहिला आणि मोठ्यानं रडू लागला.

"रडतोस काय उभ्या उभ्या?" आनंदीबाई दारातून म्हणाल्या. "जा, धुऊन वाळत घाल. पुढच्या अंगणात घाल, तिथं ऊन चांगलं येतं."

तो गेला. बाळोतं खळबळून, पिळून, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं त्यानं दोरीवर पसरलं, आणि अजून त्याच्या सुरकुत्या सारख्या करतोय तोच आईनं घरातून दुसरं न्यायला हाक मारली.