घर वाढलं

मंजुश्री रॅप करते हे गावाला ठाऊक होतं, पण रॅप म्हणजे काय हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. "पोरगी भांडते, पन ठेक्यात भांडते," एवढी व्याख्या तिच्या आईने शेजारणींना करून दिली होती आणि ती सगळ्यांना पटली होती. मोताळ्याहून रोहिणखेडकडे जाताना लागणारं हे गाव. एसटी दिवसातून दोनदा, आणि फोनला रेंज हवी तर गच्चीवर जायचं. अशा गावात बसून ही बावीस वर्षांची मुलगी फुटपाथवर झोपणाऱ्यांची गाणी रचायची. फुटपाथ तिने बुलढाण्याला पाहिला होता, तोही दुकानदारांनी बादल्या-घमेली मांडलेला. पण बेघरांवर गाणं म्हटलं की फुटपाथ पाहिजेच, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिचा भाऊ अश्वजित लग्नकार्याला स्पीकर भाड्याने द्यायचा आणि उरलेल्या वेळात फोनवर बीट बनवायचा. नवं गाणं ऐकून तो म्हणाला, "ताई, गानं भारी हाय. पन याच्यातला मानूस कोन हाय?"

"बेघर मानूस."

"थो त झाला. नाव काय त्याचं?"

मंजुश्रीला राग आला, कारण उत्तर नव्हतं. व्हिडिओत एक खरंखुरं माणूस दाखवू म्हणजे याचं तोंड बंद होईल, असा विचार करून ती दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन घेऊन एसटीच्या थांब्यावर गेली.

थांब्यावर झुंबरबाई राहायची. सत्तरीची, एकटी. थांबा म्हणजे तीन भिंती आणि वर पत्रा, कपाळावर 'प्रवासी निवारा' अशी पाटी. आत एक लोखंडी पेटी, दोन गोधड्या, आणि कडेला तीन दगडांची चूल. एसटीची वाट पाहणारे लोक बाहेर उभे राहायचे, कारण आत पाऊल टाकणं म्हणजे कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटायचं. जानेवारीची थंडी म्हातारीच्या बोटांत शिरली होती.

मंजुश्रीने फोन समोर धरला आणि बातमीदारासारखा आवाज काढला. "आजी, तुमी बेघर कवापासून हाय?"

झुंबरबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "बेघर काऊन म्हनतं वं मले? माहं घर वाढलं. तुलेच त सांगतलं व्हतं मी."

"मले? कवा?"

"घरकुलाचं लिवाले आलती ना तू! कलाबाईच्या ओट्यावर मी बसेल होती, दिवा लावाची येळ होती. तू इचारलं, आजी घराचं काय? मी म्हनलं, वाढलं वं माय. तू फोनात लिवलं, माहा फोटो काढला. मंग म्या कायले दुसऱ्या कोनाले सांगू? तुले सांगतलं म्हंजे झालं."

मंजुश्रीचा हात खाली आला. फोन चालूच राहिला आणि त्यात नुसती जमीन दिसत राहिली.

कसं झालं ते सांगायला हवं. आपल्याकडे काही गोष्टी फुटल्या, मोडल्या, संपल्या असं तोंडाने म्हणत नाहीत. बांगडी फुटली तर ती वाढली. नारळ फोडायचा तर तो वाढवायचा. झुंबरबाई जुन्या वळणाची, त्यात दिवेलागणीची वेळ. श्रावणातल्या झडीत तिचं मातीचं घर बसलं, ती कलाबाईकडे राहायला गेली, तरी 'घर पडलं' हा शब्द तिने जिभेवर येऊ दिला नाही. आणि मंजुश्री त्या दिवशी पंचायतीच्या कामावर, सकाळपासून साठ घरं करून दमलेली. एका कानात बीट चालू होतं, डोक्यात फुटपाथचं कडवं. फोनमध्ये पर्याय होते: घर आहे, घर पडले, घर वाढविले. तिने 'वाढलं' ऐकलं आणि 'वाढविले' दाबलं. पाठीमागे कलाबाईचं स्लॅबचं घर होतं, ते फोटोत झकास आलं. झुंबरबाईचं पडकं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे होतं. तेवढं चालायचा तिला कंटाळा आला. पुढे कलाबाईच्या मुलाचं लग्न झालं, तिथली जागा आटली, आणि म्हातारी पेटी घेऊन थांब्यावर आली.

मंजुश्री तडक पंचायतीत गेली. घरकुलाची यादी भिंतीवर लावलेली होती. झुंबरबाईच्या नावापुढे छापलं होतं: 'घरात वाढ, पक्के बांधकाम, अपात्र.' ते वाचताना तिचे कान तापले. दोन वर्षं आपण बेघरांची गाणी करतो आहोत आणि गावात एक बाई बेघर राहिली ती आपल्याच बोटाने, हे तिला सहन होईना.

ग्रामसेवक माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. "ॲप बंद झालं. आता दुरुस्ती फक्त ग्रामसभेच्या ठरावाने. सव्वीस जानेवारीला सभा आहे, त्याच संध्याकाळी यादी मोताळ्याला जाते. पण सभेला माणसं लागतात. जिलेबी खाऊन सगळे घरी जातात, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब. आणि हे बघ, चूक तुझी म्हणून सांगणार असशील, तर पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या जागेसाठी तुझं नाव मी कसं पाठवू?"

ती जागा मंजुश्रीला हवी होती. गावात बसून पगार, घरात पहिला. ती घरी आली आणि फुटपाथचं सगळं गाणं फोनमधून पुसून टाकलं. मग अश्वजितला म्हणाली, "मानसाचं नाव झुंबरबाई हाय. साधं बीट दे, उखळात कांडते तसं."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. शाळेच्या नव्या खोलीपुढे ग्रामसेवकाने आपल्या हाताने नारळ वाढवला. जिलेबी वाटली गेली आणि मैदान भराभर रिकामं व्हायला लागलं. टेबलामागे सरपंच पुष्पाबाई, शेजारी ग्रामसेवक, समोर पंधरा-वीस डोकी. ग्रामसेवकाने पेनाचं टोपण काढलं; तहकूब लिहायला त्याला फार वेळ लागत नसे.

तेवढ्यात अश्वजितच्या दोन मोठ्या स्पीकरांतून धम धम सुरू झालं. मंजुश्रीने माईक धरला.

"बोट माहं व्हतं, चूक माही व्हती,
एका कानात गानं, एका कानात म्हातारी व्हती.
थे म्हने घर वाढलं, मी दाबलं वाढलं,
एका बोटानं मी तिचं नाव काढलं!

एसट्या येतात, जातात, हे बसेल तशीच,
कंडक्टर इचारते, आजी कोठी? हे म्हनते, इथंच!"

फाटकापर्यंत गेलेली माणसं थांबली. हे भांडण कुणाशी चाललंय ते कळेना, म्हणून ती परत फिरली. भांडण चुकवणारं आपलं गाव नव्हे. पोरी आपल्या आयांना ओढत घेऊन आल्या. जिलेबीचे द्रोण हातात धरून लोक उभे राहिले. झुंबरबाईही थांब्यावरून आवाजाच्या मागे मागे आली होती.

मंजुश्रीने ग्रामसेवकाकडे बोट केलं. "साहेबानं नारळ वाढवला! म्हंजे काय झालं?"

"फुटला!" पोरं ओरडली.

"बायांनो, बांगडी वाढली! म्हंजे काय झालं?"

"फुटली!" आता बायका ओरडल्या, आणि त्यात पुष्पाबाईंचाही आवाज होता.

"झुंबरआजीचं घर वाढलं! म्हंजे काय झालं?"

घराच्या बाबतीत तो शब्द काढणं सगळ्यांनाच जड गेलं. मग कलाबाई, जिच्या स्लॅबने हा घोळ घातला होता, ती पुढे आली आणि जीव तोडून ओरडली, "पडलं! पडलं वं माय, दोन सालं झाली!"

"पडलं!" सगळं मैदान म्हणालं.

"मंग सांगा साहेब, तुमच्या फोनात
पडेल घराले मजला कसा फुटला?"

असा हशा आणि अशा टाळ्या त्या मैदानाने पाहिल्या नव्हत्या. ग्रामसेवकही हसला, कारण नारळाचं पाणी अजून त्याच्या बाहीवर होतं. डोकी मोजली गेली. गणपूर्तीच्या दुपटीने भरली. पुष्पाबाईंनी ठराव मांडला, हात वर झाले. फक्त एक अडचण उरली. अर्जदाराचं म्हणणं लिहायचं होतं.

"आजी, घर पडलं असं तुम्ही स्वतः म्हणा," ग्रामसेवक म्हणाला.

झुंबरबाईने पदर नीट केला. "माह्या तोंडातून ते निंघनार नाही."

ग्रामसेवक पेन धरून बसला. मग त्याने नोंदवहीत लिहिलं, 'अर्जदाराचे घर वाढलेले आहे,' आणि खाली ओळ घातली, 'वाढलेले म्हणजे पडलेले, असे ग्रामसभा एकमताने सांगते.' पुष्पाबाईंनी त्यावर सही केली.

ठराव गेला, मोताळ्याहून माणूस आला, आणि या खेपेला फोटो पडक्या घराचा निघाला. ऑपरेटरची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. मंजुश्रीला दोन दिवस वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी शेजारच्या तीन गावांनी तिला आपापल्या ग्रामसभेला बोलावलं. तिथेही कुणाकुणाची नावं भिंतीवरच्या यादीत चुकली होती. कान दोन्ही मोकळे ठेवून ती गेली.

चैत्रात झुंबरबाईच्या जागेवर पाया खणला. सगळी गल्ली जमली होती. पहिली वीट ठेवायच्या आधी म्हातारीने नारळ काढला आणि सरपंचांना, ग्रामसेवकाला ओलांडून मंजुश्रीच्या हातात दिला.

"घे वं माय. आज नारळ वाढव," ती म्हणाली, "घर मातर राहू दे."

मंजुश्री इतकी हसली की नारळ फोडायला तिला दोनदा दगडावर आपटावा लागला.