ढिगाऱ्याची राखण

व्यंकटरावांनी वाळूतला दगड उचलून हात मागे नेला, तेवढ्यात त्यांच्या लेकीनं, राजकन्येनं, त्यांचं मनगट धरलं.

"नको अण्णा."

"अगं, अंडी खाईल की ती!"

"खाऊ द्या. हळू बोला."

समोर झाडाखाली कुजका पाला आणि वाळू यांचा कमरेएवढा ढिगारा होता. त्यावर पुरुषभर लांबीची घोरपड चढून पंजांनी उकरत होती. ढिगारा ज्यांचा, ती कोंबडीएवढी तपकिरी पाखरांची जोडी बाजूच्या झुडपात जाऊन कलकलाट करत होती. घोरपडीनं मुंडकं आत घातलं, एक लांबोळकं अंडं बाहेर ओढलं, मान वर करून गिळलं आणि कसलीही घाई न करता झाडीत निघून गेली.

व्यंकटरावांनी दगड खाली टाकला. जळकोटच्या रानात ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवण्यात त्यांची हयात गेली होती. राखण म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"जंगलखात्याच्या राखणीवर हाय म्हनतीस तू हितं," ते म्हणाले. "मंग ही कसली राखण?"

"माणसापासून अन् कुत्र्यापासून, अण्णा. घोरपड हितलीच हाय. तिनं कुठं जावं पोट भरायला?" राजकन्या पुटपुटल्यागत बोलत होती. "हे पाखरू बी हितलंच. ह्या निकोबारच्या बेटांवरच राहतंय. बाकी दुनियेत कुठंच न्हाई."

"कुठंच?"

"कुठंच न्हाई."

व्यंकटरावांनी पाखरांकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. लेक एवढ्या लांब येऊन राखते ते पाखरू म्हणजे मोरासारखं काहीतरी देखणं असेल, असं ते सगळ्या वाटेनं धरून चालले होते. रेल्वे, मग एक जहाज, मग दुसरं जहाज. दुसऱ्यात तर त्यांच्या पोटात पाणीही ठरलं नव्हतं. आणि इथं पाहतात तो मोठ्या पायांची मातकट कोंबडी.

"उबवायला बसत न्हाई ही," राजकन्या सांगत होती. "पाला कुजतो, त्याची ऊब अंड्याला लागते. पिल्लू आपलं आपण उकरून बाहेर येतं."

"उकिरड्यात हात घातला की चटका बसतो, तसं."

"हाव, तसंच."

व्यंकटरावांना हे पटलं. तेवढ्यात जोडी झुडपातून उतरली. आधी एक, मग दुसरं. ढिगाऱ्यावर चढून दोघंही पाठमोरी झाली आणि मागं लाथा झाडत खड्ड्यात पाला ढकलू लागली.

"आता काय करायलेत?"

"भोक बुजवायलेत. आत अजून अंडी असतील."

"घोरपड उद्या परत येईल की."

"येईल."

"मंग दुसरीकडं का जाईनात?"

"जागा त्यांची हाय अण्णा," राजकन्या म्हणाली. "वर्सानुवर्सं हितंच भर घालत आलेत."

बोलायचं ते आता बोलावं, असं व्यंकटरावांच्या मनात आलं. तेवढ्यासाठी तर ते आले होते. मुलानं, हरिओमनं, निघताना बजावलं होतं, "ताईला हक्कसोडीचं विचारा. दिवाळीला येऊन सही करून जा म्हनावं. सातबारा एका नावावर झाला म्हंजे पुढं कटकट न्हाई." त्यात वावगं काही नव्हतं. गावात सगळ्याच बहिणी सह्या देत आल्या होत्या. व्यंकटरावांच्या दोन्ही बहिणींनीही दिल्या होत्या. त्यांची बायको सरस्वतीबाई चुलीपुढं बसल्या बसल्या एवढंच म्हणाल्या होत्या, "ती न्हाई म्हननार न्हाई." तिथंच घोडं अडलं होतं. विचारलं की लेक हो म्हणणार, हे व्यंकटरावांना पक्कं ठाऊक होतं. येऊन चार दिवस झाले, तरी त्यांचं तोंड उघडत नव्हतं.

त्यांनी घसा खाकरला. "राजू..."

"विहिरीखालच्या तुकड्यात औंदा काय पेरलंय?" तिनं विचारलं. नजर पाखरांवरच होती.

"आं? सोयाबीन. त्यात चार ओळी तुरीच्या."

"अन् बांधावरची चिंच?"

"हाय की. लई वाढलीय."

राजकन्या हसली. ती चिंच तिनं लावलेली. हरिओम लातूरला शिकायला होता आणि व्यंकटराव पाय मोडून खाटेवर पडले होते, त्या वर्षी विहिरीखालचा हरभरा एकट्या पोरीनं भिजवला होता. भल्या पहाटे लाईट यायची, तेव्हा बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला ती जायची. कॉलेज बुडालं, पण एक वाफा कोरडा राहू दिला नाही. तुम्ही खाटेवर पडलात म्हणूनच हरभरा एवढा आला, असं गावकरी हसून म्हणायचे.

"चल," व्यंकटराव गुडघ्यावर हात देऊन उठले. "ऊन झालं."

बंदरापाशी आल्यावर फोनला रेंज आली आणि लगेच वाजलाच. हरिओमचा होता. राजकन्या नळावर पाण्याची बाटली भरत होती. फोनवर व्यंकटरावांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्यावर ते नेहमी मोठ्यानंच बोलत.

"अण्णा, विचारलं का ताईला?"

"न्हाई."

"अहो, परवा तर तुमचं जहाज हाय! मंग कधी विचारता?"

"ती दिवाळीला येनार हाय. मी सांगतो तिला यायला."

"हां, मंग झालं. सहीचं तेव्हाच..."

"सहीला न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "मोजणीला. तुझा वाटा, तिचा वाटा. मी हिंडता-फिरता हाय तोवर करून टाकू."

पलीकडून हरिओम म्हणाला, "मायला विचारलंत का?"

"तिला मी सांगतो. ठेव आता."

त्यांनी फोन खिशात घातला आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. राजकन्येनं बाटलीचं झाकण लावलं आणि ती त्यांच्या शेजारी येऊन थांबली.

"विहिरीखालचं हरिओमला द्या अण्णा," ती म्हणाली. "त्याला पाणी लागतंय, लेकरंबाळं हायत. मला माळाचं चालंल."

व्यंकटरावांनी वळून पाहिलं. "तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. तुम्ही एवढ्या लांब कोंबडी बघायला येनार होय?"

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, मान पुसली, मग पुन्हा तोंड पुसलं.

"माळाला पाणी न्हाई," शेवटी ते म्हणाले.

"ठाऊक हाय मला."

"नुसते गोटे हायत तिथं."

"असू द्या की," राजकन्या म्हणाली, आणि बाटली त्यांच्या हातात दिली. "प्या आधी. सकाळपासून काही पोटात न्हाई तुमच्या."