पाहुणीसाठी सोडलेलं पाणी

सकाळपासून काकू चारीतलं गवत उपटत होती आणि त्याच दमात पाटकऱ्याला बोलणी ऐकवत होती. गवत निदान निघत तरी होतं. पाटकरी बांधावर बसून एकच पालुपद लावून होता, की आपण पडलो हुकमाचे ताबेदार. अध्यक्ष सांगतील ते दार उघडायचं, सांगतील ते लावायचं.

काकूचं शेत पाटाच्या पार शेवटी होतं. वरच्यांची शेतं भिजायची, पाणी बांध फोडून रस्त्यावर यायचं, तिथे पोरं होड्या सोडायची, आणि इथे पोचायच्या आत पाळी संपून पाट बंद. यंदा तिने पावसाच्या ओलीवर कोबी लावला होता. गड्डे धरायची वेळ आली होती आणि पानं कडेने वळायला लागली होती. या पाळीला पाणी मिळालं नाही तर कोबी गुरांना घालावा लागणार, हे गुरांनाही कळलं असावं, कारण ती सारखी तिकडेच बघत होती.

पाणी समितीचे अध्यक्ष तिचे चुलत दीर. त्यांचं शेत पाटाच्या तोंडाशीच. माणूस वाईट नव्हता. घरी गेलं की आधी चहा विचारायचा, ख्यालीखुशाली विचारायचा, आणि पाण्याचं नाव काढलं की हसून म्हणायचा, "येईल वहिनी, येईल. आधी वरचं होऊ दे." हे ऐकून ऐकून काकूचे केस पिकले होते.

गावात दोन वर्षांपासून एक संस्था काम करत होती. वरच्याला आणि खालच्याला सारखं मिळावं, हे तिचं सांगणं. संस्थेची ताई बैठका घ्यायची, सगळे माना डोलवायचे आणि घरी जाऊन होतं तेच करायचे. ताई मात्र चिवट. हीच संस्था आणखी कितीतरी देशांत काम करायची, आणि एका देशातल्या शेतकऱ्यांना दुसऱ्या देशातल्यांच्या बांधावर नेऊन उभं करायची. गरिबांनीही एकमेकांकडून शिकावं, सगळी अक्कल श्रीमंत देशांतूनच का यावी, असं ताईचं म्हणणं होतं. तर अशीच एक शेतकरीण सातासमुद्रापलीकडून गावात येणार होती. तिला गाव पसंत पडलं तर इथल्या समितीला तिकडे बोलावणं येणार होतं.

हे कळल्यापासून दिरांना झोप नव्हती. विमानात बसायची त्यांना फार हौस. त्यांनी पाटकऱ्याला बोलावलं आणि पाहुणी यायच्या दिवशी वरची सगळी दारं लावून पाणी थेट टोकाला सोडायला सांगितलं. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

आणि खरोखर पाणी आलं. गढूळ, काडीकचरा पुढे ढकलत, काकूच्या चारीत वळलं. तिने चपला फेकल्या आणि खोरं घेऊन वाफ्यांत पाणी वळवायला, दारं धरायला धावली. नवरा नुसताच उभा राहून बघत होता. लग्नानंतर इतका खूश तो तिला क्वचितच दिसला असेल.

तेवढ्यात मंडळी बांधावर आली. पाहुणी काळीसावळी, रुंद हाडाची, हाताला काकूसारखेच घट्टे. दीर पुढे होऊन सांगत होते, ताई त्यांचं बोलणं पाहुणीच्या भाषेत करत होती.

"आमच्याकडे पाणी शेवटापासूनच सुरू होतं," दीर म्हणाले. "टोकाचं आधी, माझं सर्वांत शेवटी. पहिल्यापासून हीच पद्धत."

सगळं गाव जमिनीकडे बघायला लागलं. पाहुणी वाकली, चारीच्या कडेची कोरडी भेगाळलेली माती तिने बोटाने खरवडली, आणि सरळ काकूकडे वळून ताईमार्फत विचारलं, की हे खरं का.

काकूने मनाशी हिशेब केला. खरं सांगावं तर दिराची चारचौघांत शोभा, आणि पाणी कायमचं तुटलं. खोटं बोलावं तर उद्यापासून पुन्हा तेच. तिने खोरं टेकवलं, कपाळावरचा घाम पुसला.

"पाणी आज पहिल्यांदाच आलंय," ती म्हणाली. "पण आता दर पाळीला आधी इथेच येणार. भावजींनी तुमच्यासमोर, सगळ्या गावासमोर सांगितलंय ना. ते शब्दाचे पक्के आहेत."

ताईने ते पाहुणीला सांगितलं. दिरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाहुणी मात्र खदखदून हसली आणि बराच वेळ काहीतरी बोलली. ताईलाही सांगताना हसू आवरेना.

"त्या म्हणतात, आमच्याकडेही टोकाला पहिल्यांदा पाणी आलं ते पाहुण्यांना दाखवायलाच. मग आम्ही ते परत जाऊ दिलं नाही. पुढच्या हंगामात त्या पुन्हा येणार आहेत, याच बांधावर. तेव्हाही असंच दिसलं, तर अध्यक्षांना स्वतः घेऊन जातील."

दिरांनी आधी काकूकडे बघितलं, मग आभाळाकडे, जिथून विमानं जातात. मग ते हळूच म्हणाले, "सांगितलंय म्हणजे सांगितलंय."

पुढच्या पाळीला काकू उजाडताच शेतात जाऊन बसली. बोलणं झालं, टाळ्याही झाल्या, पण पाणी येईल का, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता. ऊन चढल्यावर चारीत खळखळ ऐकू आली. पाण्याच्या बरोबरीने बांधावरून स्वतः दीर चालत येत होते. आता त्यांची पाळी शेवटची, त्यामुळे वाटेत कुठे थेंब गळलेला त्यांना खपत नव्हता. प्रत्येक दार ते हाताने दाबून बघत होते, उंदराची बिळं बुजवत होते, रस्त्यावर होड्या सोडायला आलेल्या पोरांना हाकलत होते. इतक्या वर्षांत पाटाची अशी राखण कोणी केली नव्हती.

काकूच्या शेताशी येऊन ते घाम पुसत उभे राहिले.

"वहिनी, जरा लवकर उरका. माझा मका वाळतोय तिकडे."

काकूने एका वाफ्याचं दार मोडून दुसऱ्याचं धरलं. कोबीच्या बुडाशी पाणी गोल फिरून मुरत होतं. तिने आधी दिरांना सावलीत बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला, आणि हसून म्हणाली, "येईल भावजी, येईल. आधी इथलं होऊ दे."