तुडोसेकाकांचे वाडगे

स्वतःच्या श्राद्धाला तुडोसेकाका स्वतःच वाढत होते, आणि कुणी नको म्हटलं की दटावत होते, "खा मुकाट. मेल्यावर मला हेच पुरवायचंय."

आमच्या गावात माणूस गेला की घरचे त्याच्या नावाने शेजाऱ्यांच्या हातात भरलेला वाडगा ठेवतात, वर पेटती मेणबत्ती. इथे दिलेलं तिकडे त्याला पोचतं. काकांना बायको नाही, पोरं नाहीत. मागून देणार कोण? म्हणून त्यांनी हयातीतच उरकून घेतलं. फक्त मरायचं तेवढं राहिलं होतं.

वाडगे आमच्याच भट्टीतले. बाबा चाकावर घडवतात, मी गाईच्या शिंगात रंग भरून त्याच्या टोकाने वाडग्यांवर कोंबडे काढते. महिनाभर काका माझ्या शेजारी बसून होते.

"पोरी, झामफिरा, शेपूट नीट काढ. तिकडे बदलून मिळत नाही."

"काका, तिकडे सूप प्याल, की कोंबड्याची शेपूट बघत बसाल?"

"मला वेळच वेळ असणार आहे."

जेवणाच्या दिवशी पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं मोठं मडकं फिरलं, आलुबुखाराची दारू त्याहून जास्त फिरली. काका एकेकाच्या हातात वाडगा ठेवून म्हणायचे, "माझ्या जिवासाठी." घेणारा सवयीने म्हणायचा, "देव त्याला क्षमा करो." मग वर बघायचा, काका समोरच उभे. "आणि तब्येत बरी ठेवो," असं घाईघाईने जोडायचा.

वाडगे संपले तरी माणसं येतच होती. काका रंगात आले होते. भिंतीवरच्या थाळ्या दिल्या, दुधाचं भांडं दिलं, ते खिम्याचं मडकंसुद्धा दिलं. शेवटी वाट चुकून आलेल्या पोस्टमनला त्यांनी फळीवरचा तारेने बांधलेला जुना मग दिला. तो म्हणाला, "मी नुसता पत्ता विचारायला आलो होतो." काका म्हणाले, "तेवढ्यासाठी रिकाम्या हाती जाशील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात. सदऱ्यावर बीटचं सूप, अगदी छातीभर.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"जेवलो."

घरात एकही भांडं उरलं नव्हतं. मक्याचा सांजा ठीक, तो फळीवर ओतून दोऱ्याने कापता येतो. सूप येत नाही. त्यांनी करून बघितलं होतं.

"एखाद्याकडून परत माग की," बाबा म्हणाले.

"म्हणजे तिकडचा नाहीसा होईल. सगळा खटाटोप कशासाठी केला मी?"

"मग उसना घे."

"स्वतःचाच वाडगा उसना? तिकडे माझं हसं होईल."

नवा द्यावा तर भट्टी रिकामी. होतं नव्हतं ते काकांनीच वाटलं होतं. पुढची भट्टी लागायला अवकाश होता. काका उंबऱ्यावर बसले. चेष्टा करणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. "तिकडे इतके वाडगे," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि टेबलाशी मी एकटाच. कोंबड्यांशी बोलत बसायचं."

मी आत गेले. त्यांनीच आम्हाला दिलेला वाडगा उतरवला, त्यात आंबट सूप ओतलं आणि टेबलावर ठेवला.

"हा आमचा आहे," मी म्हटलं. "तुम्ही पाहुणे. पाहुण्याने वाडगा कुणाचा हे विचारू नये."

त्यांनी बराच विचार केला. मग चमचा उचलला. जेवता जेवता त्यांनी सुपात मीठ कमी, बाबांचं चाक वाकडं आणि माझं लग्न लांबलेलं असल्याचं सांगितलं. आई गेल्यापासून आमच्या टेबलावर मीठ मागण्यापुरतंच बोलणं व्हायचं. त्या दुपारी बाबा हसले, मीठ न मागता.

संध्याकाळी कुंपणापलीकडून अँगेलिना मावशी तणतणली, "काय गं, त्यांचा वाडगा आमच्याकडे नाही का? का आमच्या हातचं विष असतं?"

मग घराघरांत पाळी लागली. काकांचा वाडगा ज्याच्याकडे, तिथे काका जेवणार. पोस्टमनही एकदा मगात ताक घेऊन आला. म्हणाला, माझी पाळी का चुकवता? आपल्या पाळीला काका दुसरीकडेच जेवले तर लोक एकमेकांवर रुसायचे. जेवण झालं की ते पावाने वाडगा पुसायचे आणि यजमान म्हणायचा, "देव तुडोसेला क्षमा करो." त्यावर काका म्हणायचे, "करो, पण सावकाश."

नवी भट्टी उघडली. मी काकांसाठी सगळ्यात लठ्ठ कोंबड्याचा वाडगा काढून ठेवला होता. त्यांनी तो उलटसुलट बघितला. घरी न्यायचा, एकट्याने भरायचा, एकट्याने पुसायचा.

"कच्चा राहिलाय," ते म्हणाले.

बाबांनी वाडग्यावर नख मारलं. चर्चच्या घंटेसारखा वाजला. बाबांची भट्टी आयुष्यात कच्ची निघालेली नाही, आणि तसं म्हणणाऱ्याशी ते वर्षभर बोलत नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, काकांकडे बघितलं, आणि मिटलं.

"कच्चाच आहे," बाबा म्हणाले. "पुढच्या भट्टीत बघू."

मी तो आमच्या फळीवर ठेवला, जुन्याच्या शेजारी.

"आज पाळी कुणाची?" काकांनी विचारलं.

"मावशीची. पण तिचं सूप अजून चुलीवर आहे. तोवर आमच्याकडे थोडं घ्या."

ते बसले. पहिल्या चमच्यानंतर म्हणाले, "तिकडेही याल ना रे सगळे?"

"येऊ," बाबा म्हणाले. "घाई नाही. आधी हे संपव."