अठ्ठावन्न टक्के

घरोघर जाऊन केलेल्या रोजगार पाहणीचे चारही विभागांचे आकडे साहेबांनी फळ्यावर लिहिले आणि वहीवालीने आपला आकडा दोनदा वाचला. पुरुषांचं ठीक होतं. शंभरातले सत्तर-बहात्तर कामाला, चारही ठिकाणी जवळपास सारखेच. पण बायकांच्या रकान्यात पहिल्या विभागात सतरा, दुसऱ्यात एकोणीस, तिसऱ्यात सोळा आणि चौथ्यात, म्हणजे हिच्या विभागात, अठ्ठावन्न! आता मधे काय, तर एक रस्ता आणि एक पूल. पूल ओलांडला की बायका एकदम कामालाच लागतात, असं कुठे झालंय का?

साहेबांनी नेमकं हेच विचारलं. "बाई, हे तुम्ही घरी बसून भरलंत का?"

"नाही साहेब. एकूण एक दार वाजवलंय."

"मग बायकांना पढवलं असेल. उद्या मी स्वतः येतो. तुमच्याच यादीतली घरं बघू. प्रश्न मी विचारणार, तुम्ही तोंड उघडायचं नाही. उघडलंत, तर मी काय ते समजेन. आकडा खोटा निघाला तर शुक्रवारपासून यायची गरज नाही."

बाकीचे तिघे गणक खाली मान घालून पेन्सिली तासत बसले. तिघांनाही साहेबांनी तीन दिवस शिकवलं होतं. वहीवाली मागाहून लागलेली, तिला शिकवायला कुणाला वेळ नव्हता. प्रश्नांची छापील वही हातात कोंबली आणि म्हणाले, जा. चूक होईल या धास्तीने ती बिचारी दारोदार वही उघडून अक्षर न अक्षर वाचायची. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव वहीवाली पाडलं ते त्यामुळेच.

नवऱ्याचा कारखाना बंद पडून पाच महिने झाले होते. तो रोज अर्ज देत हिंडायचा आणि रोज तसाच परत यायचा. घर चालतं ते आपल्या या एका वहीवर, असं ती धरून होती. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी सासूबाई दारापर्यंत आल्या. कडेवर शेजारच्या मास्तरीणबाईंचं तान्हं, पदराला दुसऱ्या दोन घरची दोन. "जा गं, नीट होईल सगळं. तू खोटं लिहिणारी नव्हेस. आणि इकडची काळजी करू नकोस, मी काय, घरीच आहे." वहीवालीचं लक्ष कुठे होतं! ती मान हलवून निघाली.

पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं, तर आत पाय ठेवायला जागा नाही. औषधाच्या गोळ्यांची चपटी खोकी भिंतीपासून भिंतीपर्यंत. बाई खाली बसून पुठ्ठा दुमडत होती, कडेला खळ लावत होती, बाजूला ठेवत होती.

"जपून हां साहेब, त्या बाजूची ओली आहेत. दुपारी टेम्पो येतो न्यायला."

साहेब एका पायावर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "ताई, कामाला जाता का कुठे?"

"छे हो. घरीच असते," बाई म्हणाली आणि पुढचं खोकं दुमडलं.

साहेबांनी कागदावर फुली मारली. वहीवालीने तोंडात मूग धरले. हाताच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात ना? पण साहेबांना ना कांकण दिसलं, ना हात दिसला. त्यांनी प्रश्न विचारला होता, उत्तर मिळालं होतं, विषय संपला.

दुसरं घर शिंप्याचं. शिंपी मशीनवर, बायको जमिनीवर, आणि मधे शर्टांचा ढीग. ती काजं करत होती, बटणं लावत होती, दोरे कापत होती.

"वहिनी, तुम्ही काम करता?"

"मी? नाही बाई. ह्यांना आपला थोडा हातभार."

दुसरी फुली. एक शब्द बोलली तर पढवल्याचा पुरावा, न बोलली तर शुक्रवारी घरी. आणि या बायका, देव यांचं भलं करो, खोटंही बोलत नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की त्या काही करत नाहीत! कुणाला दोष द्यावा?

उतरताना जिन्यात साहेबांच्या बॅगेचा पट्टा तुटला. बरं झालं तुटला. तिसरं घर म्हणजे खाली दुकान, वर बिऱ्हाड. खिळे, नळ, कुलपं, तारा, सगळं छतापर्यंत रचलेलं. गल्ल्यावर एक जाडजूड बाई बसली होती आणि समोरच्या प्लंबरला दमात घेत होती.

"अर्धा इंची वायसर नेऊ नकोस, परत येशील रडत. तो जुना नळ आहे, पाऊण लागेल." मग साहेबांकडे वळून, "काय तुटलं? आणा इकडे."

तिने बॅग ओढून घेतली, पट्ट्याला भोक पाडलं, रिव्हेट ठोकली, ओढून पाहिली आणि परत दिली. दोन मिनिटांत. साहेब खूश झाले. पट्टा खांद्याला अडकवून त्यांनी कागद काढला. "बाई, तुम्ही काम करता का?"

"मी कसली करते! दुकान आमच्या ह्यांचं. मी आपली नुसती बसते."

"ते कुठे आहेत?"

"ते होय? ते गोदामात नोकरीला. संध्याकाळी सहाला येतात."

साहेबांचं पेन फुलीच्या पहिल्या रेघेवर थांबलं. प्लंबर खो-खो हसला. "लिहा साहेब, लिहा. ही नुसती बसते म्हणून निम्म्या वस्तीचे नळ चालू आहेत!"

साहेबांनी खांद्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. रिव्हेट अजून कोमट होती. मग त्यांनी वहीवालीकडे पाहिलं. ती छताला टांगलेल्या झारीकडे बघत होती.

"बाई, तुम्ही कसं विचारलं होतंत?"

ती बोलली नाही. वही उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे केली. साहेबांनी चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचलं. "गेल्या सात दिवसांत तुम्ही पैशासाठी, किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी, एक तास का होईना, काही काम केलंत का?"

"एक तास?" गल्ल्यावरची बाई भडकलीच. "अहो, एक तास काय म्हणता? सकाळी सातला शटर मी वर करते. जेवते ती इथेच, तेही उभ्याने. आधी असं विचारायचं ना!"

ते दोघं उलट पावली वर गेले. शिंप्याच्या बायकोने बोटं मोजली आणि दिवसाचे सहा तास सांगितले. शिंपी म्हणाला, "आठ लिहा, ती लाजतेय." खोकीवाली म्हणाली, "हे पण काम धरतात होय?" आणि पहिल्यांदाच हातातलं खोकं खाली ठेवलं. साहेबांनी दोन्ही फुल्या आणि तिसरीची ती रेघ खोडली. वहीवालीचा जीव भांड्यात पडला. उतरताना ती जिन्यातच पायरीवर बसली.

साहेबही दोन पायऱ्या खाली बसले. रुमालाने चष्मा पुसू लागले. "तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "प्रश्न लांबलचक आहे. लोकांचा वेळ कशाला घ्यायचा, म्हणून मीच आखूड केला. या पोरांना तसाच शिकवला. अठ्ठावन्न बरोबर आहे, बाई. चुकलेत ते बाकीचे तीन." मग ओशाळून हसले. "तिन्ही विभाग पुन्हा करावे लागणार. शुक्रवारी तुम्ही या, आणि या तिघांना वाचायला शिकवा. वर्षभराचं काम आहे, कागद मी आजच काढतो."

घरी पोचेपर्यंत तिला हुंदका आवरला, दारात आवरला नाही. सासूबाई घाबरल्या. मांडीवर तान्हं पेंगत होतं, दोघं चटईवर आडवी. "नोकरी गेली का गं?"

"नाही हो आई, राहिली! वर्षभर राहिली!" आणि तिने सगळं सांगितलं. खोकी, काजं, रिव्हेट, सगळं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सांगता सांगता वहीवाली थांबली. मांडीवरच्या तान्ह्याकडे बघत राहिली.

"आई, आपलं घर तिसऱ्या विभागात. आपल्याकडे कोण आलं होतं?"

"तो उंच मुलगा. म्हणाला, आजी, कामाला जाता का? म्हटलं, नाही रे बाबा. गेला."

वहीवालीने वही उघडली. ओळ वाचली, अक्षर न अक्षर, जशी परक्या दारात वाचायची तशी. सासूबाईंनी मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं, मग चटईवरच्या दोघांकडे. तिघांच्या आया महिन्याच्या महिन्याला हातावर पैसे ठेवायच्या ते त्यांना आठवलं असावं. कारखाना बंद पडल्यापासून किराणा त्यातूनच येत होता. बोटं मोजता मोजता त्यांचे ओठ हलले, आणि मोजणी संपली तशी पाठ ताठ झाली.

"तो पुन्हा येणार म्हणालीस ना?"

"येणार."

"येऊ दे मेल्याला," सासूबाई म्हणाल्या. "या खेपेला खाली बसवून लिहायला लावते."