आपोआप दिलेला होकार

सकाळी मृणालीने ईमेल उघडला आणि पहिलंच पत्र पुन्हा वाचलं. रोह्याजवळच्या धाटावच्या केमिकल कंपनीच्या वेबसाइटला काल संध्याकाळी नवं सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे पान खरं असल्याची कुलपाची खूण दाखवणारं, मिळालं होतं. तिने तर ते मागितलंच नव्हतं.

पेणच्या रामवाडीत कॉम्प्युटरचा क्लास चालवता चालवता मृणाली ती वेबसाइट सांभाळायची. मुंबई ऑफिसच्या रोजच्या सूचना धाटावचा प्लांट तिथेच वाचायचा. प्रमाणपत्र देणारी परदेशी संस्था कंपनीच्या ईमेल पत्त्यावर एक कोड पाठवी. तो परत गेला की मागणारा खरा मालक, असं धरलं जाई. दरवेळी कोण बसणार, म्हणून तो कोड आपोआप परत पाठवणारा प्रोग्राम मृणालीनेच लिहिला होता. काल भलत्याच कुणीतरी मागणी केली आणि तिच्या प्रोग्रामने निमूट होकार दिला. आता प्लांटचं इंटरनेट आपल्याकडे वळवलं की त्याला हुबेहूब तसंच पान मांडता येणार होतं, खऱ्या कुलपाच्या खुणेसकट.

आणि आज तिचा भाऊ विठू ॲसिडचा टँकर घेऊन त्याच प्लांटवर गेला होता.

तिने प्लांटला फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. लाइन एकच, त्यावर इंटरनेट चालू असणार. मग ती थांबलीच नाही. क्लासला कुलूप घालून तिने रोह्याची एसटी पकडली. नागोठण्याला गाडी रखडली तेव्हा तिने बूथवरून पुन्हा फोन लावला. अजून एंगेजच.

प्लांटच्या फाटकातून ती धावतच आत शिरली. विठू टँकरचा पाईप ओढत होता.

"दादा, जोडू नको."

"काय झाला गो? घरी सगली बरी हायत ना?"

"कुठल्या टाकीत ओततोस?"

"दोन नंबर."

मृणालीने सकाळी पाहिलेल्या खऱ्या पानावर पाच नंबर होता. शिफ्टवरचे सुशील साहेब छापलेला कागद घेऊन पुढे आले. "दोन नंबर धुऊन ठेवलीय, असं लिहिलंय. पानावर कुलूपही होतं."

"कुलूप फसवं आहे, साहेब. माझ्या प्रोग्राममुळेच त्याला मिळालं. मुंबईला फोन करून तोंडी विचारा."

सुशीलनी इंटरनेट तोडून फोन लावला. बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरत गेला. अशी सूचना मुंबईने दिलीच नव्हती. त्यांनी माणूस वर चढवला. दोन नंबरचं झाकण जरा उचलताच ब्लीचचा उग्र वास खाली आला. टाकी निम्मी भरलेली होती. ॲसिड त्यात पडलं असतं तर विषारी क्लोरीन वायू सुटून यार्डात कुणी उभं राहिलं नसतं.

विठूने पाईप खाली ठेवला आणि तिथेच चाकाला टेकून बसला. "माझ्याच हातान झाला असता," एवढंच तो म्हणाला.

मृणालीने त्याच दिवशी प्रोग्राम पुसला, संस्थेला कळवून प्रमाणपत्र रद्द करवलं. पोलिसांत तक्रार झाली. कोण होता ते कळलं नाही. प्रमाणपत्र रद्द झालेलं आहे का, हे बहुतेक कॉम्प्युटर तपासतच नव्हते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून सूचना वाचल्यावर सुशील मुंबईला फोन करून खात्री करून घेऊ लागले. तरी विठू धाटावला निघाला की तो घरी येईस्तोवर मृणालीला घास जात नसे.