बरणीतली गाठ

हॉलच्या तिन्ही भिंतींना फळ्या ठोकलेल्या आणि फळ्यांवर बरण्याच बरण्या. प्रत्येकीत पाण्यात बुडालेलं काहीतरी काळपट, रबरासारखं, बोटभर लांब. बाहेर चिठ्ठी: ‘बसचालक, आतड्याचा कॅन्सर, पडला.’ ‘शिक्षिकेची आई, आतड्याचा कॅन्सर, पडला.’ दोनेकशे माणसं जागा मिळेल तिथं दाटीवाटीनं बसून माना वर करून बरण्या बघत होती. मधोमध बरणीवाले बुवा. “सुरी नाही, कात्री नाही, पुडी पोटात, गाठ बरणीत,” असं ते म्हणत आणि लोक त्यांच्यामागून म्हणत. तिसऱ्या फळीवरची चौथी बरणी माझ्या सख्ख्या भावाची होती.

मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचपट्टी डॉक्टरीणबाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली द्यायची, हे माझं काम. वीस वर्षांनी आता मलाही काच बघून कळतं. पण बाईंची सही होईपर्यंत कोणाला अवाक्षर सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही, असा आमचा नियम आहे.

दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. शौचातून रक्त जात होतं, ते त्यानं मूळव्याध समजून चार महिने अंगावर काढलं. शेवटी वहिनीनं त्याला ओढतच आणलं, दुर्बिणीनं आतडं तपासलं आणि तुकडा नेमका माझ्या टेबलावर आला. काच पाहिली, कॅन्सरच होता. सही व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी दोनदा दादाच्या शेजारी बसून जेवलो. कसं दिसतंय म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणालो, सही व्हायचीय.

आमचे अहवाल टाइप करणारा एक टायपिस्ट होता. बारा वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र उघडला. अहवाल येईपर्यंत मनाचं समाधान म्हणून बुवांकडे जाऊन या, असं त्यानंच दादाला सुचवलं. बुवांनी दादाच्या पोटावर हात फिरवला आणि उजव्या कुशीवर थांबवला.

“इथं आहे. कॅन्सर,” ते म्हणाले. “आणि तुझ्या घरातल्या एकाला हे माहीत आहे. तो लपवतोय.”

दादा तडक माझ्याकडे आला. तुला माहीत होतं का, एवढंच त्यानं विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही.

“परक्या माणसानं नुसता हात लावून ओळखलं,” तो म्हणाला, “आणि तू माझ्या शेजारी बसून घास गिळत होतास.”

त्या घरातली माझी किंमत तिथंच संपली. अहवाल दादानं उघडलाही नाही. ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. तीन दिवस पुड्या घेतल्यावर त्याला ‘गाठ पडली’, रक्तही थांबलं. वहिनी आनंदानं रडत होती. या आजारात रक्त येतं, मध्येच थांबतं, पुन्हा येतं, हे मी कंठशोष करून सांगितलं. पण लपवणाऱ्याचं ऐकू नका, असं बुवांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

माझं डोकं फिरलं. बरणी हॉलमध्ये जायच्या आधी वहिनीच्या हातापाया पडून त्या गाठीचा नखाएवढा तुकडा आणि उरलेल्या पुड्या आणल्या. तुकडा कामावर नेला आणि पुड्या स्वतः घेतल्या. चव माती कालवलेल्या इसबगोलाची. चौथ्या दिवशी सकाळी मलाही ‘कॅन्सर पडला’, तसाच काळपट, तसाच रबरी. बायकोनं माझं अभिनंदन केलं. दोन्हींचे काप काढले, बाईंनी पाहिले. मांसाचा कण नाही. भुसा, चिकणमाती आणि डिंक. हे पोटात भिजून फुगतं, आतड्याचा आकार घेतं आणि बाहेर येतं.

दादानं दोन्ही नमुने शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, “असेल. पण त्यांनी रोग ओळखला, त्याचं काय? बरोबर उजवीकडे हात ठेवला.”

मी चमकलो. दादाची गाठ डावीकडे होती, दुर्बीणवाल्या डॉक्टरांनी तसंच लिहिलं होतं. ‘उजवीकडे’ हा शब्द फक्त एका कागदावर होता, टायपिस्टनं केलेल्या पहिल्या मसुद्यावर. बाईंनी तो लाल शाईनं खोडून दुरुस्त केला होता. म्हणजे बुवांच्या दिव्यदृष्टीला टायपिंगची चूकसुद्धा दिसली होती.

डबा उघडायच्या आधी मी टायपिस्टपुढे तो कागद ठेवला. त्यानं नाकारलं नाही. दोन वर्षं तो बुवांना रोग्यांची नावं आणि निदान कळवत होता. “तुम्ही माणसाला चार-चार दिवस टांगून ठेवता,” तो म्हणाला, “तिथं निदान कोणी पोटावर हात तरी ठेवतं.” ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानंच केसानं गळा कापला होता. आणि त्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, म्हणून तर मी जास्तच पेटलो. त्याची नोकरी गेली. त्यानंतर मी डबा एकटाच खातो.

हे सगळं हाती आलं म्हणून त्या दिवशी मी दादाला घेऊन हॉलमध्ये गेलो होतो. माझी बरणी बुवांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, ही माझी, मला कॅन्सर नाही, पुड्या मात्र तुमच्याच. दादानं मसुदा वाचून दाखवला. बुवा कसले कच्च्या गुरूचे चेले! समोरासमोर बसलं की डावं-उजवं उलटं होतं, म्हणाले.

“हात माझ्या पोटावर होता, बुवा,” दादा म्हणाला. “माझं पोट कुठं उलटं झालं?”

कोणीतरी हसलं. तेवढ्यात मागून चिठ्ठीवरची ती शिक्षिका उठली. “माझी आई गेल्या महिन्यात याच रोगानं गेली,” ती म्हणाली. “चिठ्ठीवर अजून ‘पडला’ आहे.” तिनं आईची बरणी फळीवरून काढली आणि पदराआड धरून बाहेर निघून गेली. तिच्यामागून आणखी काही जण उठले. सगळे नाही उठले.

दादाचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे उशिरा. रोग जवळच्या ग्रंथींपर्यंत पोचला होता. सहा आठवड्यांपूर्वी पोचला नसता का, ते कोणीच सांगू शकत नाही, असं बाई म्हणाल्या. औषधं चालू आहेत. या वेळी बाईंना विचारून, सहीची वाट न बघता, मी दादाच्या खाटेवर बसून सगळं सांगितलं.

तो टाक्यांवर हात ठेवून ऐकत होता. “पहिल्यांदाच असा बसला असतास,” तो म्हणाला, “तर मी तिकडे कशाला गेलो असतो?”

म्हणून तुम्हाला सांगतो. शौचातून रक्त गेलं तर घरबसल्या मूळव्याध ठरवू नका, तपासून घ्या. कोणी पोटातून गाठ पाडली म्हणाला, तर ती काचेखाली ठेवा म्हणा, आणि तो नको म्हणाला की तिथून उठा. आणि आम्ही हॉस्पिटलवाल्यांनी रोग्याला त्या चार दिवसांत एकटं सोडू नये. बुवा नेमका तेव्हाच येतो.